जगायला आलेल्या बाई

मुलांनो, तुमची ताई, आत्या किंवा मावशी दूरगावी नोकरी करते का? दर महिन्याला घरी पैसे पाठवते का? मीही तशीच एक ताई आहे.

माझं गाव बीड जिल्ह्यात. आई-अण्णांनी ऊसतोडीला जाऊन मला डी.एड.पर्यंत शिकवलं. २०१९ साली मला पालघर जिल्ह्यात, जव्हारजवळ शाळा मिळाली. पहिली तीन वर्षं मी शिक्षणसेवक होते. मानधन महिना ६,००० रुपये. त्यातले निम्मे घरी जायचे. आता पगार वाढलाय, पण गरजाही वाढल्यात. अण्णांच्या गुडघ्याचं औषध, धाकट्या भावाचं आयटीआय, शेताचं बी-बियाणं.

आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. इकडे त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. दुसरीतल्या एका चिमुरडीनं मला विचारलं, "बाई, तुम्ही पण इकडे जगायला आलाव?" काय चूक होतं त्यात?

पैसे पाठवायचं मला दुःख नाही. पण त्यापायी काही गोष्टी राहून जातात. मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा अर्ज मी तीनदा पुढे ढकलला. आजी गेली तेव्हा एसटीनं रात्रभर प्रवास करून पोचले, तोवर सगळं उरकलं होतं. माझ्या लग्नाचा विषय निघाला की घरात सगळे गप्प होतात. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळतो.

गावात कुणीतरी अण्णांना टोमणा मारला, "पोरीच्या पैशावर जगता होय?" तेव्हापासून पैसे आईच्या खात्यात जातात. खरं तर २००७ च्या कायद्यानं म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलगा आणि मुलगी, दोघांवरही टाकली आहे. मग लाज कसली?

सगळ्यात जास्त टोचतं ते फोनवरचं पहिलं वाक्य, "पैसे कधी टाकतीस?" पण गेल्या महिन्यात भावानं विचारलं, "ताई, डोकं दुखतं म्हणत होतीस. चष्मा केलास का?" दुसऱ्याच दिवशी मी चष्मा करायला टाकला!

म्हणून एक काम सांगते. या रविवारी तुमच्या ताईला फोन लावा. काही मागू नका. "जेवलीस का? काय केलं होतंस?" एवढंच विचारा. आणि पालकहो, तिच्या पैशांचा हिशेब ठेवता ना? तिच्या राहून गेलेल्या गोष्टींचाही ठेवा.