सहा बाटल्यांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात आमच्या दाजींच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. रंगकाम करणारा माणूस, कधी अंथरूण धरलेले नाही. सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली आणि हातात चिठ्ठी पडली : रक्ताच्या सहा बाटल्यांची सोय करा. ताई मटकन खाली बसली. "सहा बाटल्या जाणार, तर माणसात उरेल काय?"

आम्ही बी. कॉम. माणूस, हिशेब केला. बाटली साडेतीनशे मिलीची, म्हणजे दोन लिटरच्या वर. अंगात सगळे मिळून पाच लिटर. ताईचे म्हणणे खोटे नव्हते. मग धीर करून डॉक्टरीणबाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "काका, एवढे जाणार असे नाही, हाताशी असावे म्हणून."

मग त्यांनी समजावून सांगितले. लिव्हरमधून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. ते आत येते दोन वाटांनी, एक धमनी आणि एक आतड्याकडून येणारी मोठी शीर. दोन्ही लिव्हरच्या खाली एकाच जुडग्यात असतात. त्या जुडग्याला फीत घालून आवळायची, जसा नळाचा कॉक बंद करावा. पण लिव्हरलाही रक्त हवेच. म्हणून पंधरा मिनिटे बंद, पाच मिनिटे चालू. ग्लासगोच्या प्रिंगल नावाच्या सर्जनने १९०८ साली ही युक्ती लिहून ठेवली. त्याचे स्वतःचे रोगी वाचले नाहीत, युक्ती मात्र आजही रोगी वाचवते. शिवाय वरच्या शिरांतून रक्त उलटे येते, त्यासाठी भूल देणारे डॉक्टर कापणे संपेपर्यंत सलाईन हात राखून देतात. शिरांतला दाब कमी राहतो. आणि लिव्हर एका घावात कापत नाहीत. थोडे थोडे फोडत जायचे, नस दिसली की बांधायची.

वस्तीतली सात पोरे आली, दोघे रात्रपाळी करून. एकाचे हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली निघाले, त्याला परत पाठवले. पोरगा रडकुंडीला आला.

ऑपरेशन पाच तास चालले. लागली एकच बाटली.

आनंद व्हायचा तर वस्तीत कुजबुज सुरू : बाकीच्या पाच कुठे गेल्या? विकल्या असतील! खरे सांगायचे तर शंका आमच्याही मनात आली. कारकुनाला शिल्लक दिसल्याशिवाय झोप येत नाही. रक्तपेढीत गेलो. तिथल्या माणसाने रजिस्टर उघडून दाखवले. दाजींना चढलेली बाटली आपल्या पोरांची नव्हतीच, ती आधीच कुणी देऊन ठेवलेली होती. पोरांच्या बाटल्या तपासणी होऊन फ्रीजमध्ये. ज्याला जुळेल त्याला जाणार. तांबड्या पेशी पाच-सहा आठवडेच टिकतात, दाजींच्या नावाने ठेवून करायचे काय? पोरांना बोलावून हे सांगितले. दोघांना पटले नाही, ते अजून कुरकुरतात.

दाजी पुन्हा ब्रश धरू लागले आहेत; शिडीवर मात्र ताई चढू देत नाही. परत पाठवलेल्या पोराला आम्ही दवाखान्यात नेऊन लोहाच्या गोळ्या सुरू करून दिल्या. पुढच्या शिबिराच्या यादीत पहिले नाव आपलेच लिहा, असे तो दर आठवड्याला सांगून जातो.