अर्जातली कोथिंबीर
रात्रीचे साडेअकरा. संशोधन-निधीचा अर्ज 'समस्येचं महत्त्व' या रकान्यात अडकलाय. २००६ साली अमेरिकेत पालकातून ई. कोलाय ओ१५७ हा जंतू पसरला, माणसं दगावली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात ताज्या भाज्या-फळांच्या सुरक्षिततेवरच्या संशोधनाला पैसा पुरवणारं 'सेंटर फॉर प्रोड्यूस सेफ्टी' उभं राहिलं. हे लिहून झालं. पण सकाळी मंडईत पाहिलेली कोथिंबिरीची जुडी कुठल्या रकान्यात बसवू? भाजीवाल्या मावशी एकाच बादलीतल्या गढूळ पाण्यात प्रत्येक जुडी बुचकळून टवटवीत करत होत्या. एकीतले जंतू त्या पाण्यातून दुसरीत किती जातात, एवढंच मला मोजायचंय. पालक आपल्याकडे निदान शिजतो. कोथिंबीर आपण पोह्यांवर कच्चीच भुरभुरतो. अंदाजपत्रकात शेवटी मंडईतल्या स्वच्छ पाण्याच्या नळाचाही खर्च घातला. तो कापला जाईल, ठाऊक आहे. तरी अर्ज असाच धाडणार.