खबर पोहोचावी म्हणून

आमच्या घरात बुद्धिबळाचा पट अब्बांनी आणला आणि दादीने तो कधी मनापासून मान्य केला नाही. या खेळात माणूस वेळ विसरतो, ही तिची तक्रार. मगरिबची अजान झाली की डाव कितीही रंगलेला असो, पटावर टॉवेल टाकून उठायचे, हा तिचा नियम. आम्ही चौघा भावंडांनी तो मुकाट्याने पाळला.

अब्बा शाळेत गणित शिकवत. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्यांनी आम्हाला एक सुरुवात घोटून घेतली होती. पाचव्या खेळीला वजिराच्या बाजूचे अगदी कडेचे प्यादे एकच घर पुढे सरकवायचे. आम्हाला वाटे, ही काय खेळी झाली? ना घोडा बाहेर आला, ना उंट. अब्बा म्हणत, "आता पांढऱ्याचा घोडा आणि उंट तुमच्या दारात येऊन बसू शकत नाहीत. आधी दार लावा, मग बाहेर पडा." या खेळीला ज्याचे नाव पडले तो नायडॉर्फ आमच्यासाठी कित्येक दिवस फक्त एक शब्द होता. माणूस कळला तो एका पावसाळ्यात.

आमचे चाचा मालवाहू जहाजावर होते. कोकणातल्या आमच्यासारख्या घरांना हे नवे नाही. महिना-दीड महिन्याने त्यांचे पत्र यायचे. त्या वर्षी चार महिने आले नाही. पोस्टमन दारावरून पुढे गेला की दादी काही बोलत नसे, नुसती तसबीह फिरवत बसे. घरात मोठ्याने हसायचीही आम्हाला चोरी वाटे. एका रात्री दिवे गेले होते. दादीचे मन रमावे म्हणून की स्वतःचे, कोण जाणे, पण अब्बांनी नायडॉर्फची गोष्ट सांगायला घेतली.

मिगेल नायडॉर्फ जन्मले १९१० साली, पोलंडमध्ये वॉर्साजवळच्या एका गावात, ज्यू कुटुंबात. ऑगस्ट १९३९ मध्ये पोलंडच्या संघातून ऑलिम्पियाड खेळायला ते जहाजाने अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्स शहरात गेले. बायको, लहान मुलगी, आईवडील, भावंडे घरीच राहिली. स्पर्धा चालू असतानाच १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. खेळाडू पटावर होते आणि तिकडे त्यांची शहरे जळत होती. स्पर्धा संपली तेव्हा जर्मनीचा संघ पहिला आला, पोलंडचा दुसरा. नायडॉर्फ परत गेले नाहीत. जायला वाटच उरली नव्हती.

पत्रे बंद, घरच्यांचा पत्ता नाही. परक्या मुलखात, परक्या भाषेत त्यांनी विम्याचा व्यवसाय उभा केला आणि स्पर्धा खेळत राहिले. मग १९४३ मध्ये रोझारिओ शहरात ते पटांकडे न पाहता एकाच वेळी चाळीस जणांशी खेळले. समोरचा खेळी सांगणार, हे मनातल्या मनात चाळीस पट सांभाळून उत्तर देणार. छत्तीस डाव जिंकले, एक बरोबरीत सुटला, तीन हरले. हा खटाटोप कशासाठी? तर ही बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून येईल, पोलंडमध्ये कुणाच्या तरी हाती पडेल आणि आपण जिवंत आहोत हे घरच्यांना कळेल, या आशेसाठी.

अब्बा थांबले. दादीची तसबीह थांबली होती. तिने विचारले, "मग? पोहोचली का खबर?"

"नाही अम्मा. घरचे कुणी उरलेच नव्हते. बायको, मुलगी, आईवडील, भावंडे, सगळ्यांना नाझींनी मारून टाकले होते."

दादी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि हा तिकडे खेळत राहिला, ऐकायला कुणी नसताना." तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

पाचव्या महिन्यात चाचांचे पत्र आले. जहाज दुरुस्तीसाठी एका बंदरात अडकून पडले होते, एवढेच. दादीने पत्र दोनदा वाचून घेतले, शुक्राना अदा केला आणि रात्री जेवताना एकदम म्हणाली, "त्या बिचाऱ्याला नाही आले." कोण बिचारा, हे कुणाला विचारावे लागले नाही.

तेव्हापासून अब्बा तिला त्यांच्या स्पर्धांचे सांगू लागले. १९४४ मध्ये ते अर्जेंटिनाचे नागरिक झाले. युद्धानंतर १९४६ मध्ये त्यांनी प्रागची स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी ग्रोनिंगेनला बॉटविनिक यांना हरवले. १९४७ मध्ये साओ पाउलोला न पाहता पंचेचाळीस पट खेळले. १९४८ मध्ये जगज्जेतेपदासाठी पाच जणांची स्पर्धा झाली, त्यात त्यांना जागा मिळाली नाही. जगज्जेते झाले ते बॉटविनिकच. दादीला हा अन्याय वाटला. १९५० मध्ये ॲमस्टरडॅमला ते पहिले आले. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धांत मात्र बुडापेस्टला पाचवे आणि १९५३ मध्ये झुरिचला संयुक्त सहावे. अर्जेंटिनाचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी आठ वेळा मिळवले.

आम्हा भावंडांना आवडे तो १९५५ मधला गोटेबोर्गचा प्रसंग. नायडॉर्फ, पान्नो आणि पिलनिक हे तिघे अर्जेंटिनी एकाच दिवशी तीन सोव्हिएत खेळाडूंविरुद्ध त्याच कडेच्या प्याद्याच्या सुरुवातीने खेळले, तिघांनी मिळून शोधलेली एकच युक्ती वापरली आणि तिघेही हरले! आम्ही त्या सुरुवातीने हरलो की एकमेकांना म्हणायचो, "गोटेबोर्ग झाले." पण ती सुरुवात मेली नाही. फिशर, कास्पारोव्ह आणि आपले आनंद यांनी ती जगज्जेत्यांच्या दर्जाची करून ठेवली.

नायडॉर्फ भारी बडबडे होते म्हणतात. डाव चालू असताना उठून फिरायचे, लोकांना आपल्या डावाबद्दल विचारायचे. १९७० मध्ये, वयाच्या साठीत, त्यांनी बेलग्रेडला माजी जगज्जेते ताल यांच्याशी चार डावांत दोन-दोन अशी बरोबरी साधली. ऐंशी उलटल्यावरही ते खेळतच होते.

जुलै १९९७ मध्ये स्पेनमधल्या मालागा शहरात त्यांचे निधन झाले. तोवर दादीला नीट दिसत नव्हते. आमच्यापैकी एकाने वर्तमानपत्रातली बातमी तिला वाचून दाखवली. ती ऐकत राहिली आणि मग विचारले, "पुढे लग्न केले होते ना त्याने? मुले?"

"होय दादी. अर्जेंटिनात दोन मुली झाल्या."

"म्हणजे त्यांना खबर मिळाली असेल," ती म्हणाली आणि पटावरचा टॉवेल चाचपून सारखा केला. मगरिबला अजून अवकाश होता.