गव्हाची बिअर आणि केळी

जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, हेफवायझन, पहिल्यांदा प्यायलो ती पुण्यात, २००९ साली निघालेल्या डूलालीची. (नाव आपल्या देवळालीचंच, गोऱ्या सोजिरांनी बिघडवलेलं.) गढूळ ग्लास, नाकाशी पिकलं केळं आणि लवंग. दोन्ही त्यात नसतात, ती सगळी करामत यीस्टची. कडूपणा नावाला. अर्धा ग्लास झकास, कोमट झाल्यावर जड.

काका दारूपायी गेले, तेव्हापासून पूर्ण्यातल्या आमच्या घरात बाटलीचं नाव निघत नाही. तरी आईला फोनवर सांगून टाकलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "कशी लागते रे?"

"अर्धापूरच्या केळ्यांसारखा वास येतो."

"मग केळीच खायची की!"

दुसराही ग्लास मागवला होता, ते बोललो नाही. आता इथं वाचेलच.