पी. बी. रोडवरची गाडी : नवी की जुनी?

पुणे-बेंगळुरू महामार्गाचं सरकारी नाव आता राष्ट्रीय महामार्ग ४८. त्याआधी तो ४ नंबरचा होता. बेळगावात मात्र नंबर कुणी सांगत नाही. आमच्यासाठी तो पी. बी. रोड, म्हणजे पूना-बेंगलोर रोड. याच रस्त्यानं बेळगावहून निपाणी साधारण ७५ किलोमीटर आणि कोल्हापूर ११० च्या आसपास. अंतर फार नाही, पण तेवढ्यात पुढच्या गाडीची नंबरप्लेट बदलत जाते. केए-२२ म्हणजे बेळगाव. केए-२३ म्हणजे चिक्कोडी, निपाणीच्या गाड्याही त्यातच. कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कागलकडे गेलं की एमएच-०९, कोल्हापूर.

या रस्त्यावर यंदा एका महिन्यात मी चार मोटरसायकली पाहिल्या आणि त्यातली एक घेतली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्यातले बरेच जण विचारत असतात, ‘रेट्रो लूकवाली नवी घ्यावी की सेकंडहँड?’ त्यांच्यासाठी हा सगळा प्रवास लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. बेंगळुरूत काही वर्षं काढून आता मी बेळगावातून, घरूनच काम करतो. आमची ऐंशी पार केलेली आजी निपाणीजवळच्या गावी राहते, आणि दर शनिवारी तिच्याकडे जायचं असं मी ठरवलंय. निपाणीपर्यंत दोन्ही राज्यांच्या एस्ट्या मिळतात, पण पुढं गावात जायचं तर दुचाकीच बरी. त्यासाठी बाजूला काढले होते अडीच लाख रुपये. त्याच सुमारास गावच्या घराचं छप्पर बघायला सुतार येऊन गेला. कौलं परतायची तर होतीच, पण दोन वाशांना वाळवी लागलेली निघाली. त्यानं खर्च सांगितला ९५ हजार, तोही पावसाच्या आत काम केलं तर. त्यामुळं ‘कुठली गाडी’ या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडला गेला : ‘गाडी घेऊन उरणार किती?’

पहिली गाडी पाहिली ती बेळगावातल्या शोरूममध्ये, नवी कोरी क्लासिक ३५०. गोल हेडलाईट, पाण्याच्या थेंबासारखी टाकी, चकचकीत क्रोम. रूप सगळं आजोबांच्या काळातल्या बुलेटचं, आत मात्र आजचं यंत्र. ३४९ सीसीचं इंजिन, फ्युएल इंजेक्शन, सेल्फ स्टार्ट, दोन्ही चाकांना एबीएस. वजन १९५ किलो. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या, त्यामुळं दुसऱ्या गाडीवरून तिच्यावर बसणारा हमखास गोंधळायचा. ती भानगड आता राहिली नाही. रेट्रो गाडीचा खरा फायदा हाच : आठवण जुनी, कटकट कमी.

किंमत एक्स-शोरूम दोन लाखांच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून एवढी तरी. त्याहून मोठ्या इंजिनांवर तो ४० टक्के झाला. पण जीएसटीनंतर राज्याचा आजीवन कर असतो, आणि आपली सीमा खिशाला कळते ती इथं. एक लाखाच्या वरच्या दुचाकीला कर्नाटकात हा कर १८ टक्के, आणि महाराष्ट्रात याच आकाराच्या इंजिनाला १२ टक्के. दोन लाखांच्या गाडीवर फरक १२ हजारांचा. विमा वगैरे धरून बेळगावात आकडा अडीच लाखांना टेकला. छपरासाठी शिल्लक : शून्य.

मग जुन्या गाड्या शोधायला लागलो. दुसरी गाडी निपाणीत सापडली.

निपाणीला जाताना काकती मागं पडते, कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं हे जन्मगाव. मग वंटमुरीचा चढ, हत्तरगी, आणि मिरचीसाठी नावाजलेलं हिरण्यकेशीकाठचं संकेश्वर. इथून एक रस्ता गडहिंग्लजला जातो. ते माझ्या बायकोचं माहेर, म्हणून इथं गाडीचा वेग आपोआप कमी होतो. पुढं तवंदीचा घाट उतरला की निपाणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथं हवेतच तंबाखूचा झणका असतो. वखारींच्या गल्लीतून नवखा माणूस शिंकल्याशिवाय बाहेर पडत नाही. याच तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी हाच महामार्ग अडवून धरला होता, आणि त्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. आज त्या शेतांत ऊसही दिसतो, सोयाबीनही दिसतं.

निपाणीची गाडी होती २०१३ ची क्लासिक, कार्बोरेटरवाली. मालक शेतकरी, स्वभावानं मोकळा. ‘बघा की, चालवून बघा,’ म्हणत चावी त्यांनी आधीच हातात दिली. मागणी ७५ हजार. आवाज असा, की ऐकताक्षणी हो म्हणावंसं वाटलं. पण बेळगावातून आमचे मिस्त्रीमामा सोबत आले होते. उद्यमबागच्या लेथवर अर्धं आयुष्य काढून त्यांनी पुढं स्वतःचं गॅरेज टाकलं. त्यांनी काय काय पाहिलं ते तुमच्या उपयोगाचं आहे, म्हणून क्रमानं सांगतो.

आधी इंजिनाला हात लावला. ते गार हवं. आपण येण्याआधीच गाडी तापवून ठेवली असेल, तर सकाळी ती सुरू व्हायला त्रास देते की नाही ते कळत नाही. मग आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या ठोक्यांशी ताडून पाहिला. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल दिसली तरी सात-आठ वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन हँडल हळू फिरवलं. मध्येच अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेलेला. शेवटी सीट काढली आणि खालच्या कोपऱ्यांत बोट फिरवलं.

‘हे कशाला, मामा?’ मी विचारलं.

‘गाळ बघालोय. पुरात उभी ऱ्हायलेली गाडी धुतली, रंगवली की वरनं कळत न्हाई. हितला चिखल मात्र जात न्हाई बघ.’

आपल्या भागात ही तपासणी चुकवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीपासून वेदगंगेच्या काठापर्यंत किती गाड्या पाण्याखाली गेल्या असतील, कल्पना करा. २०१९ ला तर यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी रस्त्यावर येऊन हा महामार्गच बंद पडला होता. स्पीडोमीटरच्या काचेआड धुकं, स्पोकच्या मुळाशी गंज, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर यांतलं काही दिसलं तर नमस्कार करून निघावं.

या गाडीत गाळ नव्हता. अडचण दोन ठिकाणी होती. आरसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज फिटलं होतं, पण बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन नोंद उतरवायची राहिली होती. ते काम होण्यासारखं होतं. दुसरी अडचण माझ्या बायकोनं काढली. मी प्रत्येक गाडीची माहिती एक्सेल शीटमध्ये भरत होतो : किंमत, वय, कागद, खर्च. तिनं शेवटी एक रकाना जोडला आणि नाव दिलं ‘घाट’.

‘जुलैमध्ये तवंदी घाटात पुढच्या ट्रकनं अचानक ब्रेक दाबला तर ही गाडी कशी थांबेल, ते यात लिही,’ ती म्हणाली.

१२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं ते नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि सगळ्यांना एप्रिल २०१९ पासून. २०१३ च्या गाडीला ते असणार कुठून? ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबला की चाक लॉक होऊन गाडी घसरते. एबीएस चाकाला लॉक होऊ देत नाही. उतारावर, पावसात, उसाचे ट्रॅक्टर आणि सहापदरीकरणाच्या कामांचे वळणरस्ते यांच्यातून जाताना हा फरक कागदावरचा राहत नाही. शिवाय आरसीची मुदत १५ वर्षांची, म्हणजे २०२८ ला फेरनोंदणी. मी ७५ हजारांसमोर फुली मारली.

तिसरी गाडी निपाणीपासून जेमतेम वीस किलोमीटरवर कागलात होती. २०२० ची, बीएस-६, एबीएस असलेली, मागणी १ लाख १० हजार. सगळ्यात फायद्याचा सौदा वाटला. पण नंबर एमएच-०९.

निपाणीकडच्या माणसाला राज्याची हद्द रोजच्या जगण्यात फारशी जाणवत नाही. निपाणीचं म्हणून ओळखलं जाणारं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात आहे. गावातली पोरं वर्गात बसायला रोज दुसऱ्या राज्यात जाऊन येतात. गाडीचा कायदा मात्र हद्द विसरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ आपल्याकडे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी कोल्हापूरच्या आरटीओकडून ना हरकत दाखला, मग गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकाचा कर, मग नवी प्लेट. हे सगळं मिळवल्यावर स्वस्ताई उरली नाही.

‘तसाच चालव की, कोण बघतंय?’ असं सांगणारे भेटतातच. पण इथं प्लेट बघणारे असतात. ६ डिसेंबर २०२२ ला सीमाप्रश्न तापला तेव्हा बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, आणि दोन्हीकडच्या एस्ट्या काही काळ थांबल्या. असे दिवस क्वचित येतात, एरवी सगळं सुरळीत असतं. तरी ज्या गावात राहतो तिथल्याच नंबरची, कागद चोख असलेली गाडी असली की मनाला एक ओझं कमी राहतं.

चौथी गाडी घरापासून चार किलोमीटरवर, कॅम्पात निघाली. बेळगाव हे मराठा लाईट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचं गाव. लष्करात बदल्या होत राहतात, त्यामुळं इथं अधूनमधून चांगल्या गाड्या विकायला निघतात. एका हवालदारसाहेबांची उत्तरेत बदली झाली होती. २०२२ ची क्लासिक ३५०, केए-२२, एकच मालक, दोन्ही चाकांना एबीएस, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या तारखेनिशी फाईलला लावलेल्या. मिस्त्रीमामांनी इंजिनाला हात लावला, सीट काढली, बोट फिरवलं, आणि पहिल्यांदाच काही न बोलता चहा मागितला.

सौदा १ लाख ३५ हजारांना ठरला. टायर आणि चेन-सॉकेट बदलायला १२ हजार गेले. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नावावर केली. विम्यावरही नाव बदलून घेतलं. त्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवायचं असतं, हे लक्षात ठेवा. बाकी उरले एक लाखाच्या वर.

नवी गाडी घेणं चूक आहे, असं माझं म्हणणं नाही. ज्याला गाडी तपासायला वेळ नाही, भरवशाचा मिस्त्री नाही, त्यानं नवीच घ्यावी. वॉरंटी म्हणजे विकत घेतलेली झोप. आणि स्वस्त म्हणून फार जुनी घ्यायची असेल, तर ती गल्लीत मिरवायला घ्यावी, घाटातल्या रोजच्या वाटेला नको. या दोन्हींच्या मध्ये तीन-चार वर्षांची, एका हातची, आपल्या आरटीओची गाडी असते. नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त पडते, आणि तो तोटा पहिल्या मालकानं सोसलेला असतो. रेट्रोच्या बाबतीत तर मजा अशी, की तिचं रूप मुळातच जुनं. चार वर्षांनी ती शिळी दिसत नाही.

आजीला छपराचं सांगितलं तेव्हा ती आधी नकोच म्हणाली. ‘कौलाचं काय घेऊन बसलायस? भांडं ठेवतो की गळतंय तिथं. तू येत जा म्हंजे झालं.’ तरी मे महिन्यात सुतार आला, वासे बदलले, कौलं परतली. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला त्या शनिवारी मी तवंदी घाट हळूहळू उतरून गावी पोचलो. आजीनं गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. माझी ओली बॅग घेऊन तिनं माजघरात एका कोपऱ्यात ठेवली. जिथं दरवर्षी गळतीखाली पातेलं असायचं, त्याच कोपऱ्यात.