प्रमाद कोणाचा?

चंद्राकडे निघालेल्या यानातील प्रवासी नळीने द्रवरूप अन्न ओढतो, क्षणभर ओठ दूर करतो, आणि नळीत चढलेला द्रव सावकाश खाली उतरतो. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटातील ही हालचाल पहिल्या वेळी बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या वा तिसऱ्या वेळी ती दिसते, आणि एकदा दिसली की पुन्हा न दिसणे अशक्य होते. ज्या यानात सेविका भिंतीवर चालत जाते, तेथे ‘खाली’ अशी दिशाच असावयास नको. मग द्रव कोणत्या दिशेने उतरला? बचाव करणारा म्हणतो, की द्रव ओढल्यामुळे डबीतील दाब कमी झाला व त्या दाबाने तो परत खेचला गेला. बचाव चतुर आहे आणि भौतिकीच्या दृष्टीने अगदी टाकाऊही नाही. परंतु चित्रपटगृहाच्या अंधारात तो कोणालाही सुचला नसता. तो सुचण्यासाठी चित्रफीत मागे-पुढे नेण्याची सोय व्हावी लागली. व्हिडिओ कॅसेटने प्रेक्षकाच्या हाती पोथी चाळणाऱ्याचा अधिकार दिला. एरवी वाहून जाणारे दृश्य त्याला आता थांबवता येऊ लागले, आणि थांबवता येऊ लागताच त्याच्यातला पाठचिकित्सक जागा झाला.

हा चिकित्सक प्रत्येक चित्रपटाच्या वाटेला जात नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या अवकाशपटांत यानांची इंजिने निर्वातात गर्जना करतात, त्यांच्याकडे तो हिशेब मागत नाही, कारण त्यांनी कोणतेही वचन दिलेले नसते. स्टॅन्ली कुब्रिक व आर्थर सी. क्लार्क यांनी मात्र ते दिले होते. २ एप्रिल १९६८ रोजी वॉशिंग्टन येथे प्रथम दाखविल्या गेलेल्या या चित्रपटासाठी अंतराळ-तंत्रज्ञानाच्या जाणकारांना सल्लागार नेमण्यात आले होते. संगणकाच्या कल्पनेसाठी मार्व्हिन मिन्स्कीसारख्या शास्त्रज्ञाचा सल्ला घेण्यात आला होता. यानाबाहेरच्या दृश्यांत एकतर संगीत आहे, किंवा अंतराळवीराचा स्वतःच्या शिरस्त्राणात कोंडलेला श्वास आहे, किंवा पूर्ण शांतता. बीबीसीचा वार्ताहर ‘डिस्कव्हरी’वरील अंतराळवीरांची मुलाखत घेतो, तेव्हा यान आठ कोटी मैलांवर असून आपले शब्द तेथे पोहोचावयास सात मिनिटे लागली व मधला विलंब ध्वनिमुद्रणातून काढून टाकला आहे, असा खुलासा करतो. प्रकाशवेगाने भागाकार करून पाहावा, उत्तर सात मिनिटांच्या किंचित पुढे येते. इतका काटेकोरपणा ज्या कृतीने दाखविला, तिने प्रेक्षकाच्या हाती आपण होऊन मोजपट्टी दिली. पुढे त्याने त्याच मोजपट्टीने तिलाच मोजले, तर त्यात अनादर नाही.

दोषांचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न काव्यशास्त्राला नवा नाही. ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात आनंदवर्धनाने व्युत्पत्तीच्या उणिवेतून येणारा दोष आणि प्रतिभेच्या उणिवेतून येणारा दोष यांत भेद केला आहे. पहिला कवीच्या शक्तीने झाकला जातो, दुसरा तत्काळ डोळ्यांत भरतो. ॲरिस्टॉटलनेही ‘पोएटिक्स’च्या पंचविसाव्या प्रकरणात, हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे हा ती ओळखू न येईल अशी काढण्याहून लहान अपराध मानला आहे. गंमत अशी, की दोघांच्याही समोर असा कलावंत नव्हता, ज्याने शिंगांविषयी प्राणिशास्त्रज्ञाचा सल्ला घेतल्याचे आधीच जाहीर केले आहे. व्युत्पत्ती हाच ज्या कृतीच्या शक्तीचा एक घटक आहे, तिच्या बाबतीत हा भेद तितका सुखाने करता येत नाही.

काही गोष्टी अर्थात हिशेबातून वगळल्याच पाहिजेत. चित्रपटातील चंद्रावरचे पर्वत धारदार सुळक्यांचे आहेत. प्रत्यक्षातले पर्वत सूक्ष्म उल्कांच्या अखंड माऱ्याने झिजून गोलसर झालेले आहेत. चित्रपटातील पृथ्वी फिकट, दुधाळ निळी आहे. डिसेंबर १९६८ मध्ये ‘अपोलो ८’च्या अंतराळवीरांनी चंद्रक्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचे जे रंगीत छायाचित्र आणले, त्यातील गडद निळाई तिच्यात नाही. परंतु चित्रपट त्याच्या आठ महिने आधीचा आहे, आणि चंद्रावर माणसाचे पाऊल पडले ते जुलै १९६९ मध्ये. जे कोणी पाहिलेच नव्हते ते चुकीचे रंगविले, असे म्हणण्यात न्याय नाही. २००१ साली पॅन ॲमचे विमान अवकाशात जाणार होते आणि ती कंपनी १९९१ मध्येच बंद पडली, हाही दोष नव्हे. भविष्य खोटे ठरणे आणि विज्ञान चुकणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. दोषसंग्राहक त्या नेहमी एकत्र करतात.

पृथ्वीचे आकाशातील स्थान मात्र कागदावर काढता आले असते. टायको विवर चंद्राच्या दक्षिण गोलार्धात सुमारे ४३ अंशांवर आहे. तेथून पृथ्वी क्षितिजापासून साधारण ४५ अंश उंचीवर, आकाशात जवळजवळ एकाच जागी खिळलेली दिसावयास हवी. चित्रपटात ती डोंगरांच्या माथ्यालगत टेकलेली आहे. शिवाय टायकोवर सूर्य उगवतो त्या वेळी पृथ्वी अर्ध्याच्या आसपास उजळलेली असली पाहिजे. चित्रपटात ती आधी अर्ध्याहून अधिक भरलेली आहे, आणि थोड्याच वेळाने काळ्या शिळेच्या पायथ्यापासून वर पाहताना तिची बारीक कोर झालेली आहे. हा प्रमाद खरा. तथापि ती कोर नसती, तर शिळा, सूर्य व पृथ्वी यांची एका रेषेतील ती मांडणीही नसती, आणि आरंभीच्या वानरपर्वातील शिळेच्या दृश्याशी तिचे नाते जुळले नसते. येथे ज्योतिर्गणिताने प्रतिमेला वाट करून दिली. त्याच वानरपर्वात आफ्रिकेसारख्या माळावर टॅपिर चरताना दिसतात. हा प्राणी मध्य व दक्षिण अमेरिकेत आणि आग्नेय आशियात आढळतो, आफ्रिकेत नव्हे. क्लार्कच्या कादंबरीत त्यांच्या जागी रानडुकरे आहेत. येथे प्रतिमेला काही लाभ झाला, असे म्हणवत नाही.

याहून उद्बोधक आहे तो जाणूनबुजून केलेला प्रमाद. ‘डिस्कव्हरी’ हे अणुशक्तीवर चालणारे यान आहे. निर्वातात उष्णता वाहून न्यावयास हवा नसल्याने ती प्रारणानेच बाहेर टाकावी लागते, आणि त्यासाठी यानाला मोठे, पसरट उत्सर्जक पंखे असावयास हवेत. आरंभीच्या आराखड्यांत ते होतेही. पुढे ते काढून टाकण्यात आले, कारण प्रेक्षक त्यांना उडण्याचे पंख समजतील आणि हवा नसताना पंख कशाला, असे विचारतील, ही भीती होती. म्हणजे चुकीचे वाटू नये म्हणून बरोबर असलेले वगळले. या एका निर्णयात वास्तवाभासाचे सगळे शास्त्र सामावलेले आहे. ‘डिस्कव्हरी’चे गंतव्यही असेच ठरले. कादंबरीत ते शनीकडे जाते. चित्रपटात शनीची कडी पटण्याजोगी उतरेनात, म्हणून ते गुरूपाशीच थांबले. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला रस वाटावा असा भाग यापुढचा आहे. क्लार्कने १९८२ मध्ये ‘२०१० : ओडिसी टू’ ही कादंबरी लिहिली तेव्हा स्वतःच्या मूळ कादंबरीचा शनी सोडून चित्रपटाचा गुरू स्वीकारला. पुढची संहिता मागच्या संहितेशी विसंगत, आणि तीही कर्त्याच्याच हातची!

खरा दोष शोधावयाचा, तर तो वजनात शोधला पाहिजे. चंद्रावर माणसाचे वजन पृथ्वीवरच्या एकषष्ठांश होते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. क्लेव्हियस तळावरील सभागृहात मात्र छायाचित्रकार लंडनमधल्या एखाद्या कचेरीत वावरावे तसा वावरतो. डॉ. फ्लॉइड उठून व्यासपीठाकडे जातात ते पूर्ण वजनानिशी. उत्खननाच्या उतारावरून उतरणारे अंतराळवीरही तसेच. यान तळावर उतरते तेव्हा उडणारी धूळ ढगासारखी घोटाळते. वस्तुतः निर्वातात प्रत्येक कण फेकलेल्या दगडाप्रमाणे आपापल्या वक्र मार्गाने जाऊन खाली पडावयास हवा. भरकटणारी धूळ आणि जड पावले या दोहोंचे उगमस्थान एकच आहे. ते म्हणजे इंग्लंडमधील स्टुडिओ, जेथे हवा होती आणि पृथ्वी होती. तरंगणारे पेन मोठ्या काचेला चिकटवून ती काच फिरवण्यात आली, आणि त्या काचेचा वळसा पेनाच्या चालीत उतरला. ही त्याच पृथ्वीची आणखी एक खूण.

‘डिस्कव्हरी’तील प्रचंड चक्राचेही तसेच. ते चक्र ३८ फूट व्यासाचे होते, खरोखर बांधलेले होते आणि खरोखर फिरत होते. फ्रँक पूल त्याच्या आतल्या कडेवरून धावत मुष्टियुद्धाचा सराव करतो, हे दृश्य चित्रपटकलेच्या इतिहासात अढळ झाले आहे. थोडे गणित करून पाहावे. कादंबरीप्रमाणे त्या चक्रात चंद्राइतके वजन निर्माण करावयाचे असेल, तर त्याची कड सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने फिरली पाहिजे, आणि माणसाच्या सावकाश धावण्याचा वेगही तेवढाच असतो. तेव्हा पूल चक्राच्या उलट दिशेने धावू लागला, तर त्याचे वजन नाहीसे होऊन तो अधांतरी तरंगू लागेल. चक्राच्याच दिशेने धावला, तर वेग दुप्पट होऊन वजन चौपट होईल. पृथ्वीइतके वजन हवे असल्यास चक्राला मिनिटाला बाराहून अधिक फेरे घ्यावे लागतील. मग उभ्या माणसाच्या डोक्याला पायांच्या मानाने सुमारे तीस टक्के कमी ओढ जाणवेल, आणि मान वळवताच भोवळ येईल. पूलला यांतले काहीही होत नाही. तो फक्त धावतो. धावणारा नट तळाशीच होता आणि चक्र त्याच्या पायांखालून सरकत होते. कृतीने प्रेक्षकाला दिशाहीनतेचा अनुभव दिला, वजनहीनतेचा दिला, परंतु कमी वजनाचा दिला नाही. हा दोष व्युत्पत्तीचा म्हणता येत नाही, कारण ज्ञान हाताशी होते. प्रतिमेसाठीही तो केलेला दिसत नाही, कारण चंद्रावरच्या मंद, उसळत्या चालीने प्रतिमा संपन्नच झाली असती. जे डोळ्यांना दिसते त्याची कुब्रिकने पराकोटीची काळजी घेतली. जे शरीराला जाणवते ते त्याच्या हातून निसटले, असेच म्हणावे लागते.

डेव्ह बोमनच्या श्वासाचा प्रमादही शरीराचाच आहे. हॅल हा संगणक दार उघडावयास नकार देतो, शिरस्त्राण बरोबर नाही, तेव्हा बोमन छोट्या यानाचे दार स्फोटाने उडवून निर्वातातून मुख्य यानात झेप घेतो. माणूस इतका वेळ जगेल काय, अशी शंका घेतली जाते. ती निराधार आहे. १९६६ मध्ये ह्यूस्टन येथील निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या पोशाखातील दाब अपघाताने गेला होता. सुमारे चौदा सेकंदांत त्याची शुद्ध हरपली, आणि हवा परत भरताच तो सावरला. अशक्य वाटणारा भाग येथे शक्य आहे. स्वाभाविक वाटणारा भाग तेवढा घातक आहे. बोमन झेपेपूर्वी छाती भरून श्वास घेतो आणि रोखून धरतो. निर्वातात ती कोंडलेली हवा फुप्फुसे फाडील. त्याने श्वास सोडावयास हवा होता. परंतु पाण्यात उडी घेणारा प्रत्येक माणूस जे करतो तेच त्याने केले, आणि प्रेक्षकानेही खुर्चीत बसल्या बसल्या तेच केले.

दोष नसलेले दोषही यादीत शिरतात. त्यानंतर हॅलच्या स्मृतिकक्षात शिरणाऱ्या बोमनचा पोशाख लाल आणि शिरस्त्राण हिरवे आहे. दृश्यसातत्य सांभाळणाऱ्याची ही चूक, असे घाईने म्हटले जाते. नुकताच मृत्यूच्या दारातून आलेला माणूस रंग जुळवीत बसेल, अशी अपेक्षा करणारा परीक्षक कधी घाईत घराबाहेर पडला नसावा. वानरपर्वातील बिबळ्याचे डोळे चमकतात, तो तर निव्वळ योगायोग. पार्श्वभूमी पडद्यावर टाकणाऱ्या प्रक्षेपकाचा प्रकाश त्याच्या डोळ्यांतून परतला. कुब्रिकने तो तसाच राहू दिला, आणि त्याला कोणी दोष म्हणत नाही.

उरतो बुद्धिबळाचा डाव. पूल पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत आहे, हॅल काळ्या. हा डाव कल्पित नाही. १९१० मध्ये हॅम्बुर्ग येथे रोश व श्लागे यांच्यात तो खेळला गेला होता. पूल हत्तीची खेळी करतो. हॅल मृदू स्वरात सांगतो, की त्याच्या नजरेतून काहीतरी सुटले, आणि पुढच्या खेळ्या मोजून दाखवतो. वजीर उंटाच्या तिसऱ्या घरात, उंट वजीर मारतो, घोडा उंट मारतो, मात. त्या काळच्या वर्णनात्मक पद्धतीत प्रत्येक खेळाडू घरे आपल्या बाजूने मोजत असे. काळ्याच्या बाजूने ते घर तिसरे नव्हे, सहावे. शिवाय तो वजीर मारण्याची पांढऱ्यावर सक्ती नाही, न मारता मात आणखी काही खेळ्या लांबवता येते. कुब्रिक तरुणपणी न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये पैसे लावून बुद्धिबळ खेळत असे. हा प्रमाद त्याच्या नजरेतून सुटला, असे मानणे कठीण जाते. परंतु नळीतला द्रव आणि चंद्रावरची पावलेही सुटलीच होती. ९००० मालिकेच्या एकाही संगणकाने कधी चूक केलेली नाही, असे हॅल मुलाखतीत सांगतो. संपर्कयंत्रणेतील एक भाग बिघडणार, हे त्याचे खोटे ठरलेले भाकीत या डावानंतर येते. तेव्हा ‘तिसरे घर’ ही हॅलच्या बिघाडाची पहिली खूण आहे, की संवाद लिहिणाऱ्याची, की बोलणाऱ्याची चूक? मोजपट्टी येथे काहीच सांगत नाही. पृथ्वीच्या कलेविषयी पंचांग उघडून निकाल देता येतो, चक्राविषयी गणित करून. या एका घराविषयी निकाल देणारे काही चित्रपटाच्या बाहेर नाही, आणि आतही नाही.

पूल पटाकडे क्षणभर पाहतो. तुझे बरोबर दिसते, असे म्हणून तो डाव सोडतो. हॅल छान खेळल्याबद्दल आभार मानतो. पूलही मानतो. हॅलने सांगितलेले घर तो मोजून पाहत नाही.