उठूं नका!

एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांचे गुडघे दुखूं लागले कीं सर्वांच्या मायेला भरती येते. सूनबाई पाण्याचा तांब्या हातीं आणून देते, नातू चष्मा शोधून आणतो, आणि "आजोबा, उठूं नका" हें वाक्य दिवसांतून दहा वेळां कानीं पडतें. डोंबिवलीच्या आमच्या घरीं गेलीं ४ वर्षें मी ही माया अनुभवीत आहें. तरी तिच्याविरुद्ध चार शब्द लिहिणें मला अगत्याचें वाटतें. कल्याणच्या माझ्या एका आप्तांची अशीच सेवा झाली. आज त्यांना पलंगावरून उठवावयास दोन माणसें लागतात.

सांध्यांतील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचें पोषण सांध्यांतील द्रवांतून होतें, व तो द्रव खेळता राहतो हालचालीमुळें. शिवाय बसून राहिल्यानें मांडीचे स्नायू रोडावतात आणि त्यांनीं पेलावयाचा भार गुडघ्यावर पडतो. म्हणजे जिला आपण औषध समजतों, ती अतिविश्रांतीच दुखण्याला हातभार लावते.

मात्र व्यायाम म्हणजे अट्टाहास नव्हे. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं सूर्यनमस्कारांचा मोठा प्रसार केला. पण दुखऱ्या गुडघ्यानें एकदम शंभर नमस्कारांचा संकल्प सोडूं नये. माझा क्रम साधा आहे. सकाळीं खुर्चीवर बसून एकेक पाय समोर सरळ करावयाचा, पांच अंक मोजेपर्यंत धरावयाचा व हळूच खालीं आणावयाचा. असें १० वेळां. मग सपाट रस्त्यानें २० मिनिटें चालणें. ठाण्यास मुलीकडे गेलों कीं हेंच चालणें तलावपाळीवर होतें. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातांत धरावी. स्टेशनचा जिना चढतांना चांगला पाय आधीं टाकावा, उतरतांना दुखरा. उकिडवें बसणें मीं सोडलें आहे; देवपूजाहि खुर्चीवर बसूनच करतों.

व्यायामानंतर थोडें दुखलें तर भिऊं नये. परंतु तें दुखणें २ तासांहून अधिक टिकलें, तर दुसऱ्या दिवशीं मात्रा कमी करावी. सांधा लाल, गरम वा सुजलेला असेल, तर त्यास ताण न देतां डॉक्टरांना दाखवावें. आमवातांत तर व्यायामाची आंखणी त्यांच्या सल्ल्यानेंच व्हावी. वजनाचेंहि भान हवें. अंगाचें १ किलो वजन उतरलें, तर गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारें ४ किलोंनीं हलका होतो, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनांत आढळलें.

स्वतः उठून न्हाणीघरापर्यंत जातां येणें, हा म्हातारपणींचा केवढा मान आहे, हें तरुणांस सहसा उमगत नाहीं. म्हणून घरोघरच्या सुनांना व नातवंडांना माझी विनंति आहे: तांब्या आमचा आम्हांस घेऊं द्या, आणि वांचलेल्या वेळांत सकाळीं आमच्यासंगें चार पावलें चाला.